पहिली ओळ वाचा: घाटाखालच्या नदीचं मॉडेल का फुटतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणमधून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीचं संगणकावर मॉडेल केलंय. पाणलोटाचा भाग हेक-एचएमएसमध्ये (पावसावरून विसर्ग काढणारं सॉफ्टवेअर), नदीचा भाग हेक-रासमध्ये (त्या विसर्गावरून नदीतली पातळी काढणारं), पोफळीच्या खालपासून दाभोळच्या तोंडापर्यंत. क्रॉस सेक्शन, म्हणजे नदीचे आडवे छेद, सरसकट 200 मीटरवर. जुलै 2021 चा पूर चालवायचाय, म्हणून रन 20 जुलैच्या मध्यरात्रीपासून सुरू केलाय. एचएमएसमधून येणारा हायड्रोग्राफ, म्हणजे वेळेनुसार विसर्गाचा आलेख, करवतीसारखा दातेरी, काही ठिकाणी चक्क उणे. आणि रास सुरू केलं की तिसऱ्या तासाला पाण्याची पातळी शेकडो मीटर चढते आणि रन बंद पडतो. टाइम स्टेप (गणित एका पावलात जेवढा काळ पुढे जातं तो) 5 मिनिटांवरून 1 मिनिटावर आणला, थीटा (गणित किती सावरून चालावं ते ठरवणारा आकडा) सगळ्यात सुरक्षित 1 वर आहे, इटरेशन (एका पावलात उत्तर जुळवायच्या फेऱ्या) 20 ची 40 केली, फरक शून्य. आता विचारताय की सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलू का.

नको. तिसऱ्या तासाला फुटतंय यातच निम्मं उत्तर आहे. तेव्हा पूर यायचाय. ज्याला अजून पूर दिसलेला नाही ते मॉडेल पुराच्या लाटेनं फुटत नसतं. ते सुरुवातीच्या स्थितीनं, सीमेवरच्या आकड्यांनी नाहीतर एखाद्या चुकीच्या छेदानं फुटतं. टाइम स्टेप लहान करून यातलं काहीच दुरुस्त होत नाही.

आधी दातेरी हायड्रोग्राफकडे येतो, कारण अस्थिरता म्हणजे काय हे तिथं वहीवर करून बघता येतं.

एक टाकी धरा. तिच्यात 100 मिमी पाणी आहे, पाऊस थांबलाय, आणि असलेल्या पाण्याच्या 0.3 पट या वेगानं दर तासाला पाणी बाहेर पडतंय. सगळ्यात साधं गणित काय करतं? आत्ताचा वेग धरतं, टाइम स्टेपनं गुणतं, वजा करतं. टाइम स्टेप 6 तासांचा घ्या: 0.3 गुणिले 6 म्हणजे 1.8 पट पाणी गेलं. टाकीत उरलं उणे 80. पुढच्या पावलाला अधिक 64, मग उणे 51. हेलकावे खातं, पण हळूहळू शांत होतं. आता 24 तासांचा घ्या, म्हणजे 7.2 पट: 100 चे उणे 620, मग अधिक 3,844, मग उणे 23 हजारांच्या पलीकडे. हे फुटणं. गुणाकार 1 च्या आत असेल तर शांत, 1 ते 2 मध्ये हेलकावे, 2 च्या वर स्फोट.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो 3 तासांचा टाइम स्टेप. गुणाकार 0.9, टाकीत उरले 10 मिमी. ना हेलकावा, ना उणे आकडा. खरं उत्तर मात्र जवळजवळ 41 मिमी आहे. मॉडेल स्थिर आहे आणि चौपट चुकलंय. नवीन मंडळी रन शेवटपर्यंत गेला की पेढे वाटतात, तेव्हा मला हा 10 आणि 41 आठवतो.

आता कोकणात हे जास्त का होतं? देशावरच्या मोठ्या, सपाट पाणलोटाला तो गुणक तासाला 0.02 धरला तर दिवसाचा टाइम स्टेपही चालून जातो, गुणाकार 0.48 येतो. तीच फाइल, तेच सेटिंग घेऊन माणूस घाट उतरतो. इथं जांभ्याचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर, खाली सरळ कड्यासारखा उतार. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी काही तासांत पऱ्यातून नदीला लागतं. गुणक दहापट वाढतो आणि टाइम स्टेप मात्र घाटावरचाच राहतो.

तुमच्या एचएमएसमध्ये हाच प्रकार मस्किंगममध्ये, म्हणजे पूर नदीतून पुढे सरकवायच्या पद्धतीत, झालाय. तुम्ही दिलेले आकडे: के (लाटेला तो भाग ओलांडायला लागणारा वेळ) 0.5 तास, एक्स (लाट किती पसरते ते ठरवणारा आकडा) 0.3, टाइम स्टेप 1 तास. नियम असा की टाइम स्टेप 2केएक्स आणि 2के(1−एक्स) यांच्या मध्ये हवा, म्हणजे तुमच्याकडे 0.3 ते 0.7 तासांच्या मध्ये. तुमचा त्याच्या बाहेर. आत्ताची आवक, आधीची आवक आणि आधीचा विसर्ग यांचे तिन्ही गुणक काढा: 0.41, 0.76 आणि उणे 0.18. बेरीज 1 येते म्हणून सॉफ्टवेअरची गाडी चालू राहते, पण तो शेवटचा उणे गुणक आधीच्या विसर्गाला उलटा करून पुढे देतो. वरून येणारं पाणी थांबलं आणि आधीचा विसर्ग 800 घनमीटर प्रति सेकंद असला तर पुढच्या पावलाला उणे 140 च्या आसपास. नदी घाटाकडे निघाली.

म्हणून टाइम स्टेप अर्धा तास करा. पण घाईघाईत एकदम 15 मिनिटं करू नका, कारण मग 0.25 तास खालच्या मर्यादेच्या, 0.3 च्या, खाली जातो आणि पहिला गुणक उणे होतो. पूर यायच्या आधी नदी किंचित आटल्यासारखी दिसते ती यामुळे. 15 मिनिटंच हवी असतील तर त्या भागाचे दोन तुकडे करा. प्रत्येकाचा के 0.25, मर्यादा 0.15 ते 0.35, आणि 0.25 आत बसतो. टाइम स्टेप लहान केला की सगळं सुधारतं हा समज इथंच मोडतो.

आणि पावसाची फाइल उघडून बघा. सरकारी पर्जन्यमापक सकाळी 8:30 ला वाचतात. 23 जुलैच्या रकान्यातला पाऊस म्हणजे 22 च्या सकाळी 8:30 पासून 23 च्या सकाळी 8:30 पर्यंतचा. महाबळेश्वरचा जवळजवळ 600 मिमीचा जो आकडा त्या वेळी गाजला तो असाच 23 तारखेचा आहे, आणि चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी 22 च्या पहाटेच शिरलं होतं. तारीख एक दिवस सरकली तर पूर तर सरकतोच, भरतीशी त्याचा मेळही चुकतो. 24 जुलै 2021 ला आषाढी पौर्णिमा होती, म्हणजे उधाण जवळ आलेलं. कोकणात हा मेळ चुकवून चालत नाही. दुसरं, दिवसाचा पाऊस एकाच तासात कोंबलेला नाही ना, ते बघा. 300 मिमी एका तासात टाकले तर कुठलंही मॉडेल बोंबलेल. पुष्याच्या पावसाला आपल्याकडे म्हातारा म्हणतात, पण तो म्हातारासुद्धा दिवसभर थांबून थांबून कोसळतो. तासाची आकडेवारी जवळच्या स्वयंचलित केंद्राची मिळाली तर तिचं वाटप घ्या, एकूण मात्र आपल्या मापकाची ठेवा.

आता रास.

रन फुटला की सगळे जण शेवटची ओळ वाचतात, कारण ती लाल आणि भयंकर असते. तुम्ही मला पाठवलेलं चित्रही शेवटच्या ओळीचंच आहे. ती ओळ निरुपयोगी आहे. एका छेदात बिघडलेलं पाणी दोन-चार पावलांत शेजारच्या दहा छेदांत पसरतं आणि शेवटी जिथं फुटतं तिथं मूळ दोष असेलच असं नाही. कॉम्प्युटेशनच्या खिडकीत वर सरकत जा, जिथं इटरेशन पहिल्यांदा कमाल संख्येला जाऊन थांबली ती ओळ शोधा, आणि तिच्यातला वेळ, छेदाचा क्रमांक आणि एरर लिहून घ्या. तुम्ही 20 ची 40 केलीत, त्यानं ही ओळ फक्त उशिरा येईल. पुन्हा 20 करा.

ती ओळ मिळाली की तो छेद आणि त्याच्या वरचे-खालचे दोन-दोन छेद उघडून नुसते बघा. नुसते. माझ्या अंदाजानं ती तीन ठिकाणांपैकी एक असेल.

पहिलं ठिकाण, दाभोळची बाजू. तुम्ही भरती-ओहोटीच्या तक्त्यातले आकडे घेतलेत. ते चार्ट डेटमवर असतात, म्हणजे नौकानयनासाठी धरलेल्या, साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीवर. तुमचे छेद मात्र सरासरी समुद्रसपाटीवर. मुंबईला या दोन शून्यांतलं अंतर सुमारे अडीच मीटर आहे; दाभोळसाठी जवळच्या बंदराचं अंतर तपासून वजा करावं लागतं. ते केलेलं नसेल तर रन सुरू होताच खाडीच्या तोंडाशी पाण्याची एक भिंत उभी राहते आणि ती आत धावत सुटते. शिवाय तक्त्यात फक्त भरतीची आणि ओहोटीची वेळ असते. मधे सरळ रेषा ओढली तर प्रत्येक टोकाला कोपरा तयार होतो. मधले आकडे कोसाइनच्या वळणानं भरा, 15-15 मिनिटांनी. दोन भरत्यांत साधारण 12 तास 25 मिनिटं असतात, तेवढं वळण पुरेसं गुळगुळीत येतं.

त्याहून वाईट म्हणजे तुम्ही खाडीतले छेद उपग्रहाच्या डीईएमवरून (जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून) काढलेत. डीईएमला खाडीचा तळ दिसत नाही, त्या दिवशीचा पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. तुमच्या मॉडेलमध्ये गोवळकोटच्या खालची खाडी हे एक सपाट पटांगण आहे. ओहोटी त्या पटांगणाच्या खाली गेली की पाण्याची खोली उणे, आणि उणे खोलीचं वर्गमूळ काढायला गणित तयार नसतं. तिसऱ्या तासाचं कोडं बहुधा इथंच सुटेल: तुमच्या फाइलमध्ये त्या वेळी ओहोटी चालू आहे का बघा. तळ मोजल्याशिवाय याला इलाज नाही. इको साउंडर मिळाला तर उत्तम, नाहीतर होडी भाड्यानं घ्या, दोराला शिसं बांधा आणि भांगाच्या दिवशी, पाणी कमी हलत असताना, दर अर्ध्या किलोमीटरवर पाच-सात ठिकाणी खोली मोजा. सोबत एक माणूस काठावर पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी लिहीत बसलेला हवा, नाहीतर तुमची सगळी मापं भरतीबरोबर वर-खाली होतील. चिपळूणच्या आसपास 2021 नंतर गाळ काढलाय, तेव्हा आज मोजलेला तळ त्या पुराचा नाही, हेही अहवालात लिहा.

दुसरं ठिकाण, घाटाचा पायथा. इथं 200 मीटरचं सरसकट अंतर नडतं. दोन छेदांत किती अंतर चालेल याचं सॅम्युअल्सचं एक सोपं सूत्र आहे: 0.15 गुणिले काठोकाठ खोली, भागिले उतार. पायथ्याशी उतार शंभरात एक आणि खोली 2 मीटर धरली तर 30 मीटर. खाडीत उतार पाच हजारात एक आणि खोली 6 मीटर धरली तर साडेचार हजार मीटर. म्हणजे वर तुमचे छेद सातपट विरळ आहेत आणि खाली विनाकारण दाट. वरचे मधले छेद सॉफ्टवेअरनं भरले तरी चालतील, पण जिथं धोंड्यांची पायरी आहे, कोंड संपून खळाळ सुरू होतो, तिथं स्वतः जाऊन लेव्हल लावावी. सॉफ्टवेअरला कोंड माहीत नसतो.

त्याच पट्ट्यात मॅनिंगचा एन, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, तुम्ही 0.03 ठेवलाय. करून बघा: 2 मीटर खोली, शंभरात एक उतार. 0.03 ला वेग 5.3 मीटर प्रति सेकंद, फ्रूड आकडा (पाण्याचा वेग भागिले पाण्यावरच्या लाटेचा वेग) 1.19, एकाच्या वर. म्हणजे पाणी अतिक्रांतिक, लाटेहून वेगवान, आणि उतार कमी होतो तिथं हायड्रॉलिक जंप, पाणी एकदम उसळून चढतं. साध्या सेटिंगमधलं रास हे पचवू शकत नाही. मोठमोठे धोंडे असलेल्या डोंगरी पात्राला 0.04 ते 0.07 धरतात. 0.045 घेतला तर वेग 3.5, फ्रूड 0.8, आणि भांडण संपलं. हा आकडा मॉडेल चालावं म्हणून फुगवलेला नाही. ज्यानं जुलैत पायथ्याचा पऱ्या पाहिलाय त्याला ठाऊक आहे की ते पाणी धोंड्यांवर आपटून आपली अर्धी ताकद तिथंच घालवतं. रासमध्ये मिक्स्ड फ्लोचा (संथ आणि अतिक्रांतिक दोन्ही प्रवाहांसाठीचा) पर्याय आहे, तो चालू केला की फ्रूड वाढेल तसतसा जडत्वाचा भाग कमी करत नेतो. गरज पडली तर वापरा, पण आधी एन आणि अंतर दुरुस्त करून.

तिसरं ठिकाण म्हणजे वरची सीमा. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं, ते तुम्ही बरोबर धरलंय. पण जनित्र सुरू झालं की तुमच्या फाइलमध्ये विसर्ग एका ओळीत शून्यावरून पूर्ण होतो. ती उडी 15-20 मिनिटांत पसरवा. आणि रात्रीच्या कोरड्या तासांत तिथं अर्धा घनमीटर विसर्ग शे-सव्वाशे मीटर रुंद छेदात सोडलाय. पाणी पायाचा घोटा बुडेल इतकंही नाही. किमान विसर्ग 10-15 घनमीटर ठेवा आणि खळाळाच्या छेदांत पायलट चॅनल (तळाशी एक कल्पित अरुंद चर) द्या. ज्या पुराचं शिखर हजारांत आहे त्यात एवढ्यानं काही बिघडत नाही. वॉर्म-अपची, म्हणजे खऱ्या रनआधी पाणी स्थिरावायची, पावलंही द्या, आणि रन सुरू करायची वेळ अशी निवडा की खाडीची सुरुवातीची पातळी आणि भरतीच्या फाइलमधला पहिला आकडा एकच असेल.

टाइम स्टेपचं शेवटी. पुराची लाट पाण्याच्या वेगाच्या साधारण दीडपट धावते. वेग 3.3 धरला तर लाट 5 मीटर प्रति सेकंद. 200 मीटर अंतराला 40 सेकंद, म्हणजे कूरां आकडा (एका टाइम स्टेपमध्ये लाट छेदांमधली किती अंतरं ओलांडते तो) 1. तुमच्या 5 मिनिटांना तो 7.5 येतो, 1 मिनिटाला 1.5. रासमधली प्रीसमानची पद्धत इंप्लिसिट आहे, म्हणजे पुढच्या पावलाचे सगळ्या छेदांचे आकडे एकत्र सोडवते; ती दीडला फुटायला नको. एवढ्यावरूनच कळतं की तुमचा दोष टाइम स्टेपमध्ये नव्हता. पायथ्याशी छेद 30 मीटरवर आणल्यावर मात्र 10 सेकंदांपर्यंत जावं लागेल, किंवा तो भाग वेगळा काढून स्वतंत्र चालवा. मी दुसरं करतो. टूडीवर (द्विमितीय मॉडेलवर) जायचा मोह होतो सगळ्यांना. शहरासाठी जा, पण खाडीची बाजू डिफ्यूजन वेव्हवर (जडत्व सोडून दिलेल्या समीकरणावर) ठेवू नका, भरतीला जडत्वाचं पद लागतं.

एक माझी स्वतःची फजिती सांगतो. खूप वर्षांपूर्वी अशाच एका नदीचं मॉडेल माझ्या हाताखाली तीन आठवडे फुटत होतं. मी थीटा, टॉलरन्स, टाइम स्टेप, मिक्स्ड फ्लो, जे हाताला लागेल ते फिरवलं आणि शेवटी ते चाललं. गुळगुळीत हायड्रोग्राफ, सुबक नकाशे. गावात नकाशा दाखवायला गेलो तर एक म्हातारे गृहस्थ बोट ठेवून म्हणाले, "हितं पाणी कधी ठरतच नाय ओ, हितनं तर ते पळतं." नकाशात तिथं मोठं तळं होतं. परत येऊन छेद उघडला. सर्व्हेच्या वहीत तळाची पातळी 2.85, आमच्या फाइलमध्ये 8.25. टाइप करताना आकडे फिरले होते आणि नदीत जवळजवळ साडेपाच मीटरचा बांध उभा राहिला होता. मॉडेल पहिल्या दिवसापासून त्याच छेदावर अडखळत होतं, रोज पहिल्या ओळीत त्याचाच क्रमांक देत होतं. मी तीन आठवडे त्याचं तोंड दाबत बसलो होतो.

तेव्हापासून मी अनस्टेडी, म्हणजे बदलत्या विसर्गाचा, रन थेट सुरू करत नाही. आधी स्टेडी, एकच विसर्ग कायम धरून: 50, 500, 2000 घनमीटर प्रति सेकंद. तिन्हींचे पृष्ठभाग तळाच्या रेषेवर ठेवून बघायचे. कुठंही गुडघा दिसला की तो छेद वहीशी ताडायचा. यात अर्धा दिवस जातो. छेदांची टोकंही तेव्हाच दिसतात; 2000 ला पाणी छेदाच्या बाहेर जात असेल तर सॉफ्टवेअर तिथं उभी काच लावतं आणि पातळी खोटी चढते. चिपळूणला शिव नदीच्या बाजूला तुमचे छेद नक्की तोकडे आहेत, ते वाढवा.

आणि चालल्यावर हिशोब. पाण्याच्या एकूण घनफळाचा हिशोब किती टक्क्यांनी चुकला ते रास शेवटी सांगतं. तो 1 टक्क्याच्या आत हवा. पाणलोटाचा हिशोब हातानं करा: 500 चौरस किलोमीटरवर 200 मिमी म्हणजे 10 कोटी घनमीटर. त्यातलं किती नदीतून गेलं? एचएमएसमध्ये उणे विसर्ग होते तेव्हा ही बेरीजही बिघडलेली असणार. मग कुबड्या एकेक करून काढा. थीटा 1 वरून 0.9, 0.8, असा 0.6 च्या दिशेनं आणत जा. मिक्स्ड फ्लो बंद करून बघा. टाइम स्टेप निम्मा करा. शिखर हललं नाही तर ते उत्तर तुमचं. प्रत्येक वेळी अर्धा मीटर हलत असेल तर अजून कुठंतरी 8.25 बसलेला आहे.

पुढच्या वेळी मला तीनच गोष्टी पाठवा: एररची पहिली ओळ, त्या छेदाचं चित्र, आणि भरतीची फाइल. शेवटच्या लाल ओळीचं चित्र नको.